बास गिटार घेताना

गेल्या दिवाळीत सांगलीहून माझा भाचा आला, तो तोंड पाडूनच. मुलगा अकरावीतला. दोन वर्षे शिष्यवृत्तीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने नवी बास गिटार घेतली होती. काळा रंग, अणकुचीदार शिंगे आणि हातात सहज मावणारा आटोपशीर आकार! त्याला वाजवायचे होते ‘हेवी मेटल’ नावाचे दणदणीत संगीत. पण सूर खाली उतरवला, की जाड तार नुसती फडफडायची. “मामा, मी फसलो,” एवढेच तो म्हणाला.

विद्यार्थी मित्रांनो, त्याला दुकानदाराने फसवले नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेला सोनोमीटर त्याने एकदा आठवला असता, तरी पुरे होते.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : तारेची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिच्या एक मीटर तुकड्याचे वस्तुमान. फ्रान्समधील मर्सेन या धर्मगुरूने 1636 साली हे नियम ग्रंथरूपाने मांडले. लांबी दुप्पट केली, की कंपनसंख्या निम्मी होते. ताण चौपट केला, तर ती दुप्पट होते. वस्तुमान चौपट केले, तर ती पुन्हा निम्मी होते. म्हणजे सूर खाली न्यायचे मार्ग तीनच : तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. तंबोऱ्याची खर्जाची तार इतर तारांपेक्षा जाड का असते, हेही आता तुमच्या ध्यानात आले असेल.

बास गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या साधारणपणे 41.2 हर्ट्झ ठेवतात. नेहमीच्या बासमध्ये नटपासून घोडीपर्यंतची लांबी 34 इंच, म्हणजे सुमारे 86 सेंटिमीटर असते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी 1951 साली ‘प्रिसिजन’ बास बाजारात आणली, तिची लांबी हीच. आज बहुतेक कारखाने तीच लांबी वापरतात. या तारेचा व्यास सुमारे 2.7 मिलिमीटर आणि एक मीटरचे वजन 32 ग्रॅमच्या आसपास असते. सूत्रात या किमती घालून पाहा. ताण साधारण साडेसोळा किलोग्रॅम वजनाइतका येईल. बोटाला भक्कम वाटणारी तार ती हीच.

मग हेवी मेटलवाले सूर आणखी खाली का नेतात? त्याची कथा इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातली आहे. टोनी आयोमी हा मुलगा तेथे पत्र्याच्या कारखान्यात काम करी. सतरा वर्षांचा असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. ब्लॅक सबाथ या त्याच्या वाद्यवृंदाने 1971 सालच्या तबकडीत काही गाणी तीन अर्धस्वर खाली उतरवून वाजवली आणि गीझर बटलरची बासही त्याबरोबर खाली आली. बोटांच्या सोयीसाठी केलेल्या या उपायाने आवाजाला जो भारदस्तपणा आला, त्याचे अनुकरण अजून चालू आहे.

तीन अर्धस्वर खाली म्हणजे 41.2 वरून सुमारे 34.6 हर्ट्झ. केवळ खुंटी पिळून तेथे उतरलात, तर ताण मूळच्या 71 टक्केच उरतो. 34 इंची बासवर हे कसेबसे निभावते. भाच्याची गिटार मात्र 30 इंची होती! लांबी कमी झाली, तर तोच सूर कमी ताणात मिळतो. 30 ला 34 ने भागून वर्ग करा. उत्तर येईल 0.78. आता 0.78 गुणिले 0.71 म्हणजे 0.55. साडेसोळा किलोऐवजी जेमतेम नऊ किलोचा ताण! अशी तार छेडली की भलतीच रुंद झोके घेते आणि पडद्यांवर आपटते. शिवाय जोरात छेडल्यावर ती क्षणभर ताणली जाते, त्यामुळे सूर आधी चढतो आणि मग सावकाश खाली घसरतो. तार मुळात सैल असली, तर हे घसरणे कानाला स्पष्ट जाणवते.

तेव्हा दुकानात पहिले काम रंग पाहण्याचे नव्हे, मोजपट्टी लावण्याचे. खर्जात उतरायचे असेल तर 34 इंच घ्या. लहान चणीच्या मुलामुलींना आखूड बास सोयीची पडते हे खरे, आणि नेहमीच्या सुरात ती उत्तम वाजते. पण हे काम तिचे नव्हे. पाच तारांची बासही मिळते. तिची पाचवी तार सुमारे 31 हर्ट्झची असते. पण तेवढ्याच पैशांत जास्तीची तार, खुंटी आणि रुंद दांडी बसवायची, म्हणजे कारखानदार कोठेतरी हात आखडता घेणारच. थोडक्या पैशांत चार तारांची साधी बास बरी, असे माझे मत आहे.

आता भाच्याच्या गिटारचे काय? ती परत घेत नव्हते. उरला तिसरा मार्ग, तार जड करण्याचा. आम्ही मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. तेथील एका वृद्ध कारागिरांनी बास गिटार प्रथमच हातात घेतली असावी. तार बोटाने दोनदा टिचकावून ते म्हणाले, “दांडी आखूड आणि सूर खर्जाचा. मग तार जाड नको का, बाळ?” सोनोमीटरचे सगळे गणित त्यांनी एका वाक्यात सांगितले!

सुमारे 3.2 मिलिमीटर व्यासाची तार आणली. व्यास 1.19 पट, म्हणजे वस्तुमान अंदाजे 1.4 पट. ताण नवावरून तेरा किलोजवळ गेला. नटमधील खाच मात्र कानशीने अलगद रुंद करावी लागली. मग आणखी जाड तार का नाही लावायची? कारण तार फार जाड झाली, की ती तारेसारखी न वागता सळईसारखी वागू लागते. तिचे उपस्वर मूलस्वराच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट न राहता किंचित चढे होतात आणि आवाज बेसूर, बोथट वाटतो. म्हणूनच बासची तार एकसंध नसते. आत बारीक पोलादी गाभा आणि त्यावर तारेचीच वेटोळी असतात. वेटोळ्यांनी वजन वाढते, ताठरपणा फारसा वाढत नाही. जुन्या तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ साठला की त्याही बोथट वाजतात. म्हणून सगळे पैसे गिटारवर उधळू नका. नव्या, जाड तारांच्या संचापुरते आणि वाद्य नीट बसवून घेण्यापुरते बाजूला ठेवा.

तारेखालच्या पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की चुंबकक्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. फॅरेडेने 1831 साली शोधलेले प्रवर्तन ते हेच. पण घरातल्या विजेचे 50 हर्ट्झचे क्षेत्रही त्याच वेटोळ्यात गुणगुणते आणि ही गुणगुण बासच्या सुरांच्या अगदी शेजारी पडते! 1957 पासून प्रिसिजन बासमध्ये एकमेकांविरुद्ध जोडलेली दोन वेटोळी असतात. त्यांत तारेचा आवाज टिकतो, गुणगुण मात्र परस्परांना मारते. तुमच्या पैशांत अशी बास मिळत असेल, तर ती घ्या.

लहान अॅम्प्लिफायरमुळे खट्टू होऊ नका. त्याच्या छोट्या स्पीकरमधून 35 हर्ट्झ जवळजवळ निघतच नाहीत. निघतात ते 70, 105, 140 चे उपस्वर. पण या सर्वांतला फरक 35 चा आहे, हे आपला मेंदू ओळखतो आणि न आलेला मूलस्वर आपल्याला ऐकू येतो! गिटारच्या कर्कश गदारोळात बास उठून दिसते, तीही मुख्यतः या उपस्वरांमुळेच.

पैसे मोजण्यापूर्वी एक परीक्षा करा. बाराव्या पडद्याच्या नेमके वर तारेला बोट नुसते टेकवून छेडा, मग तेथेच तार दाबून छेडा. मोबाइलवरील सूर जुळवण्याच्या फुकट अॅपमध्ये दोन्ही सूर सारखे दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा निघाला, तर घोडीवरचा स्क्रू फिरवून तारेची लांबी किंचित वाढवावी लागते. दुकानदाराला ते समोरच करायला सांगा. सगळे स्क्रू फिरवूनही सूर जुळला नाही, तर ती गिटार तेथेच ठेवून या.