पिप, कोंडा की यूव्ही? पॅकेज मॅनेजर कसा निवडायचा

पायथन शिकणारी चेन्नईतली मुलं मला नेहमी विचारतात, "सर, पिप वापरू, कोंडा की यूव्ही?" आज त्यावरच बोलू.

आधी दोन शब्द समजून घ्या. पॅकेज म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड. पॅकेज मॅनेजर तो उतरवून घेतो आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेसही आणतो. एन्व्हायर्नमेंट म्हणजे एका प्रोजेक्टचं स्वतंत्र कोठार. फौजेत प्रत्येक कंपनीचा कोत, म्हणजे शस्त्रं ठेवायची खोली, वेगळा असतो. इथेही तसंच. एका प्रोजेक्टला पांडासची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी; एकाच कोठारात दोन्ही राहत नाहीत.

इथल्या सी-डॅकने बनवलेली बॉस लिनक्स अनेकांनी पाहिली असेल. ती डेबियनवर आधारलेली आहे. डेबियनचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर एप्ट, आणि सिस्टिमची काही साधनं पायथनवरच चालतात. त्यात पिपने ढवळाढवळ केली तर सिस्टिम बिघडू शकते. म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून पिप तिथे थेट इन्स्टॉल करायला नकार देतो. जबरदस्ती करायच्या पर्यायाचं नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' आहे! तो वापरू नका. वेगळं एन्व्हायर्नमेंट करा.

आता निवड.

शिकत असाल तर व्हेन्व आणि पिप पुरेत. दोन्ही साधारणपणे पायथनसोबतच येतात. डेबियनवर मात्र एप्टने वेगळे घ्यावे लागतात.

प्रोजेक्ट मोठा असेल, तर २०२४ मध्ये आलेला यूव्ही घ्या. तो अतिशय वेगवान आहे, पायथनची हवी ती आवृत्ती आणतो आणि लॉक फाइलही स्वतः ठेवतो.

पायथनबाहेरचं सामान लागत असेल, तर कोंडा. समजा, तुम्ही चेन्नईच्या पुराचे नकाशे करताय. त्याला जीडॅल लागतं, आणि ते सी++ मध्ये लिहिलेलं आहे. कोंडा असं सामानही जुळवून आणतो. मात्र ॲनाकोंडा कंपनीच्या भांडारासाठी मोठ्या संस्थांना सहसा पैसे भरावे लागतात, अटी वाचा. मिनीफोर्ज घेतलंत तर कोंडा-फोर्जचं खुलं भांडार मिळतं.

साधन कुठलंही घ्या, एक गोष्ट सोडू नका: कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, याची यादी कोडसोबत ठेवा. बदली झाली की फौजेत चार्ज देताना सामानाची यादी तपासून सही होते. तोंडी हिशेब चालत नाही. डिसेंबर २०१५ सारखा पाऊस पुन्हा आला आणि तुमचा पुराचा नकाशा दुसऱ्या कुणाला त्याच्या लॅपटॉपवर चालवायचा असेल, तेव्हा "माझ्याकडे तर चालत होतं" हे उत्तर कामाचं नाही.

आजचा गृहपाठ: एन्व्हायर्नमेंट पुसून टाका आणि फक्त त्या यादीवरून पुन्हा उभं करा. झालं, तर तुमची निवड बरोबर. जय हिंद.