एका प्रतीचे वाङ्मय

आळंदी रस्त्यावर दिघीच्या परिसरात 'मॅगझीन चौक' नावाचा एक चौक आहे. नवख्या माणसास वाटावे की, येथे मासिके-साप्ताहिके विकणारे एखादे प्रशस्त दुकान असेल. परंतु लष्करी हद्दीलगतच्या या नावातील मॅगझीन म्हणजे दारूगोळ्याचे कोठार. मूळ अरबी शब्दाचा अर्थ केवळ 'कोठार' एवढाच. 1731 साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह याने आपल्या 'जंटलमन्स मॅगझीन'साठी तो उचलला आणि तेव्हापासून नियतकालिकांनाही हे स्फोटक नाव चिकटले. मराठी शाळांनी मात्र आपल्या नियतकालिकास 'हस्तलिखित' असे निरुपद्रवी नाव दिले आणि त्यात स्फोटक असे काहीही शिल्लक राहणार नाही, याची मनोभावे दक्षता घेतली.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी मराठी शाळेचा उंबरठा ओलांडला, त्यांना ही वस्तू सहसा विसरता येणार नाही. मुखपृष्ठावर दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य, त्याखाली नदी, नदीत होडी आणि होडीत कोणीही नाही. आत मुख्याध्यापकांचे मनोगत. मागोमाग संपादकीय. त्यात चौदा वर्षांचा संपादक वाचकांस हंसक्षीरन्यायाने दोष वगळून गुणांचा स्वीकार करण्याची विनंती करी. हंस त्याने चित्रातच पाहिलेला असे. पण दुधात पाणी किती असते, याचा घरचा अनुभव दांडगा. पुढे 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त'. मग एक कविता, आणि तिच्याखाली 'स्वरचित' अशी ग्वाही. ती द्यावी लागे यातच सर्व आले. रहस्यकथेच्या शेवटी 'क्रमशः' असे. अंक वर्षातून एकदाच निघत असल्यामुळे व दरम्यान लेखक दहावी होऊन बाहेर पडल्यामुळे खुनी कोण, याचा उलगडा आजतागायत झालेला नाही.

सर्व मजकूर सुवाच्य अक्षराच्या एखाद्या विद्यार्थिनीकडे उतरवून काढण्यास जाई. तिला न पटलेले वाक्य ती परस्पर गाळी. संपादकापेक्षा लेखनिकाचा अधिकार मोठा असल्याचे असे उदाहरण वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन झाले की ती एकुलती एक प्रत कपाटात बंद होई आणि तपासणीच्या दिवशी तेवढी बाहेर येई. एवंच, तिचा नियमित वाचकवर्ग म्हणजे वाळवी.

या साऱ्याचे हसू येते हे खरे. परंतु त्या अंकात मुलांचे स्वतःचे असे काय होते, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

दिघीचेच पाहा. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवलेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दुसऱ्या दिवशी या रस्त्याने पुण्याकडे जाते. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील कारखान्यांच्या आधाराने मराठवाड्या-खानदेशातून आलेली कुटुंबे येथे वसली. 1997 साली दिघी महानगरपालिकेत आली आणि वस्ती वाढतच गेली. गावाकडच्या दिंडीबरोबर चालत आलेला एखादा आजा तासाभरासाठी नातवाच्या घरी टेकतो, पायांना तेल लावून घेतो आणि पुन्हा दिंडी गाठतो. समजा, अशा नातवाने वहीत लिहिले, 'माझा आजा आला व्हता, त्याचे पाय सुजले व्हते.' लाल शाई फिरते आणि त्याचे 'आजोबांचे आगमन झाले' असे होते. सुजलेले पाय गाळले जातात. त्यांच्या जागी 'भक्तीचा महासागर' उसळतो. व्याकरण सुधारते, पण आजा घराबाहेरच राहतो. पुढच्या वर्षी तो मुलगा शहाणा होतो आणि बाजारातील निबंधाच्या पुस्तकातून थेट महासागरच उतरवून काढतो.

शिक्षकांस एकट्यास दोष देऊन चालणार नाही. साठ मुलांच्या वह्या, तपासणीचे भय आणि पालकांच्या तक्रारी यांमध्ये सापडलेल्या माणसास गुळगुळीत वाक्यच सुरक्षित वाटणार. शिवाय प्रमाणभाषा शिकविणे हे त्याचे कर्तव्यच आहे; कारण अर्ज, परीक्षा व नोकरी त्या भाषेतच पार पडतात. तथापि मुलाची भाषा सुधारणे निराळे आणि त्याचा अनुभव बदलणे निराळे.

हा भेद जाणणारे शिक्षक महाराष्ट्राने पाहिले आहेत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 या काळात शिकविणाऱ्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हाताने लिहिलेले दैनिक चालविले. पुढे 1928 साली 'विद्यार्थी' मासिक काढले. ते तपासणीसाठी नव्हते, मुलांसाठी होते. तिकडे इंग्लंडमधील हॉवर्थ गावी ब्राँटे भावंडांनी आपल्या लाकडी शिपायांना वाचता यावीत म्हणून आगपेटीएवढी मासिके हाताने लिहिली. शार्लट ब्राँटेने वयाच्या चौदाव्या वर्षी, 1830 साली, लिहिलेला असा एक अंक 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना विकला गेला. त्यावर कोणाचीही लाल शाई फिरलेली नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता अनेक शाळांचे वार्षिकांक गुळगुळीत कागदावर छापले जातात. त्यांत पाहुण्यांची छायाचित्रे व जाहिराती मुबलक असतात. मुलांचा मजकूर उरलेल्या जागेत. अशा वेळी जुन्या हस्तलिखिताकडे नव्याने पाहावयास हवे. त्यासाठी अनुदान लागत नाही. प्रत्येक वर्गात एक कोरी वही ठेवावी. ऱ्हस्व-दीर्घ अवश्य सुधारावे, मात्र आजा 'आजा'च राहू द्यावा. वहीला कुलूप लावू नये. ती हाताळून मळली, तिची पाने सुटली, कोपऱ्यावर चटणीचा डाग पडला, तर ती वाचली जात आहे असे खुशाल समजावे. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनीही स्वच्छ वहीपेक्षा अशी मळकी वही आधी मागावी.