शब्दावडंबराची दोन कुळे

संतापाच्या भरात केलेली आगपाखड आणि जडजंबाळ शब्दांचे पोकळ भाषण यांच्यासाठी इंग्रजीत इतके शब्द आहेत की कोशांमध्ये ते एकमेकांचे अर्थ म्हणूनच दिलेले आढळतात. वास्तविक प्रत्येकाचे कूळ निराळे आहे, आणि ते लक्षात न घेता रशियन प्रतिशब्द शोधू गेल्यास फसगत होते.

'बॉम्बास्ट' या शब्दाचा मूळ अर्थ कापूस असा आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडमधील श्रीमंत पुरुष अंग भरदार दिसावे म्हणून आपल्या डगल्यांत आणि तोकड्या विजारींत कापूस, लोकर किंवा घोड्याचे केस ठासून भरीत, आणि या भरावाला बॉम्बास्ट म्हणत. हेच नाव पुढे वरून भरघोस पण आतून पोकळ अशा भाषेला मिळाले. १५९२ मध्ये रॉबर्ट ग्रीन या लेखकाच्या नावाने निघालेल्या पुस्तिकेत तरुण शेक्सपिअरवर जी प्रसिद्ध टीका आहे, तिच्यात निर्यमक काव्य फुगवण्याच्या संदर्भात हाच शब्द योजला आहे. 'फस्टियन' हेही मुळात एका जाड्याभरड्या कापडाचे नाव. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा' या नाटकाच्या दुसऱ्या भागातील पिस्टल हा बढाईखोर शिपाई जुन्या नाटकांतील वीरश्रीच्या ओळींची मोडतोड करून त्या फेकत असतो, आणि त्याला हिणवताना हेच विशेषण वापरले जाते. 'रँट' हा शब्द डच भाषेतून आला. ऑफेलियाच्या थडग्यापाशी लेअर्टिसच्या शोकप्रदर्शनाला आव्हान देताना हॅम्लेट हेच क्रियापद उच्चारतो. आज मात्र त्याचा नाटकी आवेशाशी असलेला संबंध विरळ होऊन अनावर तक्रारखोर संताप एवढाच अर्थ ठळक उरला आहे. म्हणजे इंग्रजीतील या शब्दांचा एक मोठा गट कापडातून आणि रंगभूमीवरून आला, असे म्हणावे लागते.

रशियनमध्ये या गटाला शब्दशः जोड नाही, कारण तेथे भारदस्त वाणीचा उगम देवळात आहे. चर्चची स्लाव्ह भाषा ही प्रार्थनेची व धर्मग्रंथांची भाषा शतकानुशतके रोजच्या रशियनच्या वरच्या पायरीवर बसलेली होती, आणि अठराव्या शतकात मिखाईल लोमोनोसोव्ह याने उच्च, मध्यम व नीच अशा तीन शैली ठरवून देताना ओड आणि महाकाव्य यांच्या उच्च शैलीसाठी याच भाषेतील शब्द योग्य मानले. आज टिंगलीसाठी वापरले जाणारे अनेक रशियन शब्द याच पूज्य भांडारातले आहेत. 'वेलेरेचिवी' म्हणजे थोर वाणीचा. 'विसोकोपार्नी' म्हणजे उंच घिरट्या घेणारा. 'वितिया' म्हणजे वक्ता. आणि 'राज्ग्लागोल्स्त्वोवात', म्हणजे लांबलचक पोकळ बोलत राहणे, हे क्रियापद 'ग्लागोल' या शब्दावरून बनले आहे, ज्याचा जुना अर्थ वाणी आणि आजचा अर्थ क्रियापद असा आहे.

आदराचे हे शब्द हास्यास्पद ठरण्याचा काळ साहित्याच्या इतिहासात नेमका दाखवता येतो. १८११ मध्ये स्थापन झालेल्या, अलेक्सांद्र शिश्कोव्ह याच्या पुढाकाराने चाललेल्या 'बेसेदा' या साहित्यिक मंडळाने जुन्या स्लाव्ह शैलीचा कैवार घेतला, तर १८१५ मध्ये जुकोव्स्की, व्याझेम्स्की आदी लेखकांनी 'अर्झामास' हे मंडळ काढून तिची यथेच्छ थट्टा केली. या मंडळात प्रवेश करणाऱ्याला 'बेसेदा'च्या एखाद्या हयात सभासदाला मृत मानून त्याच्यावर श्रद्धांजलीचे भाषण करावे लागे, आणि त्या भाषणात प्रतिपक्षाचीच अवजड भाषा वापरली जाई. तरुण पुश्किनही याच मंडळात होता. ही थट्टा किती खोल गेली हे कळण्यास वरील शब्दांचा आजचा उपयोग पुरेसा आहे.

सर्वांत फसवा शब्द 'टिरेड' होय. तो दोन्ही भाषांत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंच रंगभूमीवर त्याचा अर्थ एकाच पात्राचे अखंड, लांब भाषण असा आहे. रशियन 'तिरादा' या अर्थाजवळ राहिला, म्हणून तो उच्च स्वरातील लांब भाषणाला लागतो व त्यात राग असलाच पाहिजे असे नाही. इंग्रजीत मात्र राग हाच त्याचा गाभा झाला. इंग्रजी 'टिरेड'चे भाषांतर डोळे झाकून 'तिरादा' असे केले, तर चिडलेला माणूस रशियन वाचकाला भावुक वक्ता वाटण्याचा धोका असतो. त्या संतापासाठी रशियनमध्ये गडगडाट आणि विजा फेकणे हा वाक्प्रचार आहे, आणि तो इंग्रजी 'फुल्मिनेट'च्या फार जवळ जातो, कारण त्याच्याही मुळाशी वीज या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

'रँट'ला मात्र एकच रशियन शब्द पुरत नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, यावर निवड ठरते. गोगोलच्या 'ओव्हरकोट' (१८४२) या कथेत बडा अधिकारी गरीब कारकुनाला फैलावर घेतो, त्याला 'रास्पेकात' हे क्रियापद शोभते, कारण त्यात वरिष्ठाने कनिष्ठाला खडसावणे आहे. चेखॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड' (१९०४) मधला गायेव्ह शंभर वर्षे जुन्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहून न्याय आणि सद्गुण यांच्या सेवेबद्दल त्याचा गौरव करतो, तेव्हा राग कुठेच नसतो, आणि त्याच्या या सवयीबद्दल भाच्या त्याला गप्प राहण्याची विनवणी करतात. त्या भाषणाला 'वेलेरेचिवी' हेच विशेषण लागू पडते. या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी मॉस्कोच्या रंगमंचावर आजारी चेखॉव्हचाही सत्कार झाला, आणि त्याला स्वतःच्या गौरवाची लांबलचक भाषणे उभ्याने ऐकावी लागली.