नव्या अवकाशातील जुनी विमाने

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या मार्गावर, नारायणगावाला अगदी लागून वारूळवाडी हे गाव आहे. तेथून खोडदच्या वाटेला लागले, की थोड्याच वेळात शेतांच्या पलीकडे जाळीच्या प्रचंड थाळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. हीच ती खोडदची सुप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकार झाली. तिच्या प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर असून अशा ३० थाळ्या या परिसरात दूरवर पसरलेल्या आहेत. दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या रात्रंदिवस टिपत असतात. या लहरी म्हणजे आवाज नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावयास हवे. तारे आणि ग्रह यांच्यामधील पोकळीत हवा नाही. जेथे हवा नाही तेथे ध्वनीही जाऊ शकत नाही. खरे अवकाश हे असे निःशब्द आहे.

आता याच वारूळवाडीतील एखादा मुलगा अवकाशयुद्धाचा चित्रपट पाहावयास बसला आहे, अशी कल्पना करा. पडद्यावर काय दिसते? याने कानठळ्या बसविणारी घरघर करीत येतात. वळताना ती घारीप्रमाणे एका अंगावर कलतात. शत्रूच्या मागे लागलेले यान वरून सूर मारते, आणि वैमानिक आपल्या सोबत्यांना ओरडून इशारे देतो. हे सारे थरारक खरे. पण खोडदच्या शास्त्रज्ञास ते दाखविल्यास तो हसल्यावाचून राहणार नाही. विमान वळताना कलते, त्याचे कारण हवा. पंख झुकले म्हणजे हवेचा उचलून धरणारा जोर वळणाच्या दिशेने कलतो आणि विमान वळते. निर्वात पोकळीत पंखांना आधार द्यावयास हवाच नाही. मग तेथे कलावयाचे कशासाठी?

चित्रपट काढणाऱ्यांना एवढे शास्त्र ठाऊक नसते, असे समजू नका. त्यांनी जाणूनबुजून हे अवकाश उसने आणले आहे. ते ताऱ्यांमधून आलेले नसून दुसऱ्या महायुद्धावरील जुन्या चित्रपटांतून आले आहे.

१९७७ साली अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास. अवकाशातील लढाई कशी दिसावी हे आपल्या सहकाऱ्यांना शब्दांनी समजावून सांगणे त्यांना कठीण वाटू लागले. तेव्हा त्यांनी एक सोपी युक्ती केली. दूरचित्रवाणीवर लागणाऱ्या जुन्या युद्धपटांतील विमानांच्या झुंजी त्यांनी मुद्रित करून घेतल्या, त्यांतील हवे ते तुकडे कापून एकापुढे एक जोडले आणि तो पट सहकाऱ्यांपुढे ठेवला. अमुक विमान या कोपऱ्यातून येते, तमुक त्या बाजूस कोसळते. आपली यानेही अशीच आली पाहिजेत, असे ते सांगत. यानांची दृश्ये तयार होईपर्यंत चित्रपटाच्या कच्च्या फितीतही त्या जागी हीच जुनी विमाने उडत होती!

त्या जुन्या चित्रपटांपैकी एकाची हकीकत अवश्य सांगण्याजोगी आहे. १९५५ साली इंग्लंडमध्ये ‘द डॅम बस्टर्स’, म्हणजे धरणे फोडणारे, हा चित्रपट निघाला. तो एका खऱ्या मोहिमेवर आधारलेला होता. १६ मे १९४३ च्या रात्री गाय गिब्सन या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली १९ इंग्रज विमाने जर्मनीतील धरणांवर चालून गेली. त्यांच्यापाशी बार्न्स वॉलिस या अभियंत्याने तयार केलेला एक अजब बाँब होता. तळ्याच्या पाण्यावर आपण चपटा दगड भिरकावला म्हणजे तो टप्पे घेत जातो ना? तसाच हा बाँब पाण्यावर टप्पे घेत धरणाच्या भिंतीपर्यंत जाई. मात्र त्यासाठी तो पाण्यापासून बरोबर ६० फूट उंचीवरून सोडावा लागे. काळोख्या पाण्यावर ही उंची मोजावी कशी? विमानाच्या पोटाखाली दोन दिवे तिरके बसविण्यात आले. त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना मिळाले, की ६० फूट उंची साधली असे समजावयाचे. दोन मोठी धरणे फुटली. परंतु १९ पैकी ८ विमाने परत आली नाहीत आणि ५३ वैमानिक प्राणास मुकले. खाली खोऱ्यात पुराच्या लोंढ्याने हजाराहून अधिक माणसे बुडाली, आणि त्यांत जर्मनांनी परदेशांतून धरून आणलेले वेठीचे मजूर पुष्कळ होते. चित्रपट पाहताना ही माणसे पडद्यावर फारशी दिसत नाहीत. शौर्याच्या कथेत असे नेहमीच घडते. म्हणून येथे त्यांची आठवण दिली.

‘स्टार वॉर्स’चा शेवट पाहिला म्हणजे हीच मोहीम पुन्हा समोर उभी राहते. शत्रूने बांधलेला एक कृत्रिम गोल आहे. त्याच्या पृष्ठभागावर एक लांब, खोल चर असून चराच्या टोकाशी एक लहानसे छिद्र आहे. लहान याने त्या चरात खाली उतरतात आणि दोन्ही बाजूंच्या तोफांचा मारा चुकवीत त्या छिद्रावर नेम धरतात. एकाचा नेम चुकतो, दुसरा पुढे सरसावतो. ‘६३३ स्क्वॉड्रन’ या १९६४ च्या युद्धपटातही विमाने अरुंद खाडीतून, दोन्ही कड्यांवरील तोफांच्या माऱ्यात, अशीच पुढे घुसतात. आणखी एक योगायोग असा, की ‘द डॅम बस्टर्स’मधील युक्तिदृश्यांचे छायाचित्रण करणारे गिल्बर्ट टेलर हेच पुढे ‘स्टार वॉर्स’चे छायाचित्रकार झाले.

पण एवढे अफाट अवकाश मोकळे असताना यानांना चरातच का शिरावयास लावले? याचे उत्तर एस. टी.च्या खिडकीशी बसून मिळते. वारूळवाडीहून खोडदकडे जाताना रस्त्याकडेचे विजेचे खांब आणि द्राक्षांच्या बागा झरझर मागे पळतात, आणि दूरचा नारायणगड मात्र जागचा हलत नाही असे वाटते. जवळची वस्तू मागे सरकली तरच डोळ्याला वेग कळतो. मोकळ्या अवकाशात जवळ काहीच नसल्यामुळे भरधाव यानही तेथे स्तब्ध दिसेल. दोन्ही बाजूंस भिंती आल्या, की तेच यान बाणासारखे सुटलेले भासते. शिवाय अरुंद वाटेत मागे फिरण्याची सोय नसते. आपल्याकडे ही गोष्ट कोणास निराळी सांगावयास नको. १६६० साली बाजीप्रभूंनी मूठभर सोबत्यांनिशी खिंड अडवून धरली. त्या प्रसंगावर भालजी पेंढारकर यांनी १९५६ साली ‘पावनखिंड’ काढला, आणि २०२२ साली त्याच नावाचा दुसरा मराठी चित्रपट आला. अवकाशातील तो चर म्हणजे एका अर्थी एक खिंडच होय.

युद्धाची ही उसनवारी केवळ हालचालींपुरती नव्हती. ‘स्टार वॉर्स’मधील यानांच्या लहान प्रतिकृती करताना कारागिरांनी दुकानांतून रणगाड्यांचे आणि लढाऊ विमानांचे खेळण्यातले सुटे भाग विकत आणले व ते यानांच्या अंगावर चिकटविले. त्यामुळे ती याने खरोखरीच्या यंत्रांसारखी वाटली. आवाजांची गंमत तर याहूनही न्यारी. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी एका उंच मनोऱ्याच्या ताणलेल्या तारेवर हातोडीने ठोकून प्रकाशबाणांचा आवाज मिळविला. शत्रूच्या यानांचा तो भयंकर चीत्कार म्हणजे हत्तीची आरोळी आणि ओल्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीचा आवाज यांचे मिश्रण होते.

साहसपटांचे ऋणही कमी नाही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘द हिडन फोर्ट्रेस’ हा १९५८ चा चित्रपट. त्यात पराभूत घराण्याची राजकन्या आणि तिचा सेनापती शत्रूच्या मुलखातून सोने घेऊन निसटतात. ही सारी कथा आपण पाहतो ती मात्र सतत भांडणाऱ्या दोन लोभी शेतकऱ्यांच्या डोळ्यांनी. लुकास यांना ही तऱ्हा फार आवडली. त्यांनी शेतकऱ्यांच्या जागी एक उंच आणि एक बुटका असे दोन यंत्रमानव आणले, आणि भांडण तेवढे कायम ठेवले. नारायणगावच्या लोकांना यात मोठेसे नवल वाटू नये. तमासगिरांचे हे गाव; विठाबाईंचे नाव याच गावाशी जोडलेले. तमाशाच्या वगात राजा आणि प्रधान कितीही मोठे असले, तरी त्यांच्या दरबाराची खरी खबर आपल्याला मिळते ती सोंगाड्याच्या तोंडून!

मग ही चोरी झाली काय? तसे म्हणता येणार नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक परदेशी चित्रपट पाहिला, आणि पाहता पाहता त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यातूनच १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास आला. पाहिलेल्या वस्तूतून न पाहिलेली वस्तू घडविणे, हीच तर कल्पकता. जो नुसतीच नक्कल करतो, त्याचा चित्रपट दुसऱ्या वर्षी कोणास आठवत नाही.

परंतु लुकास यांना जुने युद्धपट पाहावयास मिळाले, कारण ते शिल्लक होते. आपल्याकडील चित्र तितके समाधानकारक नाही. पूर्वीच्या फिती नायट्रेटच्या असत. त्या चटकन पेट घेत. त्यांत चांदीचा अंश असल्याने, जुन्या झाल्या की ती काढून घेण्यासाठी त्या वितळविल्याही जात. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील फारच थोडे आज पाहावयास मिळतात. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर पुष्कळ नाश होऊन गेला होता. पुढे २००३ साली पुण्यातच आग लागून जुन्या फितींचा आणखी एक साठा भस्मसात झाला.

या संग्रहालयाचे पी. के. नायर जुन्या फितींच्या शोधात गावोगाव हिंडत. फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ या १९१९ च्या चित्रपटाचे तुकडे त्यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळविले आणि ते पुन्हा क्रमाने लावले. त्यात कृष्णाची भूमिका फाळके यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केली आहे. यमुनेच्या पाण्यात शिरून ती त्या प्रचंड सर्पाशी झुंजते, ते दृश्य शंभर वर्षांनंतरही पाहता येते.