भावकीतलं इंजिन

पुण्यातल्या एका जुन्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९६५ सालची एमजीबी २३ पावसाळे ताडपत्रीखाली उभी होती. गाडी इंग्लंडहून आणणारे गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीने ताडपत्री ओढली तेव्हा आधी उंदराचे घरटे निघाले, मग भुरकट पडलेला लाल रंग दिसला. दोघांपुरती ही उघडी गाडी चारही टायर बसल्यामुळे जमिनीला टेकल्यासारखी दिसत होती. नव्या बॅटरीने सेल मारून बघू, असे घरातल्या एकाने सुचवले. बोलावलेल्या मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच हात आडवा केला. “सेलला कुणी हात लावायचा नाही. अजून आत काय धरलंय ते कळलेलं नाही.”

मिस्त्री सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांची सारी उमेदीची वर्षे सरकारी ॲम्बॅसडर दुरुस्त करण्यात गेली. स्पोर्ट्स कार त्यांनी आयुष्यात उघडली नव्हती. तरी बॉनेट वर करून त्यांनी फडक्याने हेडवरचे कव्हर पुसले, चारी बाजूंनी इंजिन न्याहाळले आणि म्हणाले, “हे आपल्याच घरातलं आहे, ताई.”

ते खरेच होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सिरीज इंजिन मॉरिस ऑक्सफर्डच्या बॉनेटखाली होते आणि एमजीच्या स्पोर्ट्स गाड्यांतही. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसडर झाली आणि पुढे हेच इंजिन तिच्यात बसले. ॲम्बॅसडरचे १४८९ सीसी आणि १९५५ साली आलेल्या एमजीएचेही तेवढेच. एमजीबीसाठी ते वाढवून १७९८ सीसी केले, कार्बोरेटर ॲम्बॅसडरसारखा एक नव्हे तर दोन, आणि शक्ती ९५ अश्वशक्तीच्या आसपास गेली. पण ब्लॉकची ठेवण, टॅपेट, १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम सारे तेच राहिले. कलेक्टरसाहेबांना दौऱ्यावर नेणारी गाडी आणि वळणावळणाच्या रस्त्यावर हौसेने पळवायची ही गाडी एका भावकीतल्या. मुंबईत टॅक्सी म्हणजे पद्मिनी असल्यामुळे हे नाते तिथल्या रस्त्यावर फारसे दिसले नाही. ते टिकले सरकारी आवारांतल्या मिस्त्रींच्या हातात. मिस्त्रींच्या पिशवीतले इंची पाने एमजीबीच्या नटांना अचूक बसले. आजच्या बहुतेक गॅरेजांत मिलिमीटरचेच पाने सापडतात.

कंपनीचा इतिहास थोडक्यात असा. एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस, मूळ ऑक्सफर्डचे. सेसिल किंबर यांनी तिथे मॉरिसच्या साध्या गाड्यांना देखणे रूप दिले. १९२९ साली बस्तान जवळच्या ॲबिंग्डनला हलले. एमजीबी १९६२ साली तिथेच बाहेर पडली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. छप्पर असलेली जीटी धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. तिचे भाग आजही नवे मिळतात, त्याचे कारण हा मोठा आकडा. १९८८ पासून तर इंग्लंडमध्ये तिचा अख्खा सांगाडा नव्याने दाबून मिळू लागला.

पहिला आठवडा इंजिन फिरवण्यात गेला, तेही हाताने. मिस्त्रींनी चारी प्लग काढले आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण सोडले. बोअरच्या भिंतीवर गंज धरला की रिंगा चिकटतात; अशात सेलने जोर लावला तर रिंग तुटते आणि भिंतीवर ओरखडा उठतो. दरम्यान मागचे ड्रम सोडवले, कारण ब्रेकचे शू आत गंजून बसले होते. पाचव्या दिवशी चौथा गिअर टाकून दोघांनी गाडी पुढे-मागे झुलवली. आधी काहीच हलले नाही. मग पंख्याचे पाते बोटभर सरकले. मिस्त्रींनी लगेच थांबवले, आणखी तेल सोडले आणि चहा मागवला.

बॅटरीपाशी एक खोडा होता. त्या काळच्या एमजीबीत सीटांमागे, खालच्या कप्प्यात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेले असे. आज कुठल्याही इलेक्ट्रिशियनचा हात सवयीने ऋण टोक बॉडीला लावील. म्हणून मिस्त्रींनी कप्प्याच्या झाकणावर खडूने मोठे अधिक चिन्ह काढून ठेवले. ऑइल आणि फिल्टर बदलून, प्लग न लावताच त्यांनी सेल मारला. ऑइल प्रेशरचा काटा थरथरला, उठला. कोरड्या बेअरिंगना तेल पोचले. तेव्हा कुठे त्यांनी प्लग हातात घेतले.

पण या कामात त्यांचा जीव गुंतला तो कार्बोरेटरांत. एसयू कार्बोरेटर त्यांना ॲम्बॅसडरमुळे पाठ होते. स्किनर बंधूंच्या या जुन्या कल्पनेत सुरुवातीला चामड्याचा भाता होता. पुढे त्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. वर घंटेसारखा डबा, त्यात हा पिस्टन आणि पिस्टनला खाली टोकाकडे निमुळती होत गेलेली सुई. इंजिनाने श्वास ओढला की पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट रुंद होते, आणि सुईही जेटमधून तेवढीच वर सरकून पेट्रोलला वाट देते. किती हवेला किती पेट्रोल, याचा सारा हिशेब त्या सुईच्या उतारात घासून ठेवलेला. पिस्टनच्या पोकळ दांड्यात पातळ तेल असते आणि त्यात एक छोटा दट्ट्या. ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर पिस्टन उसळू नये, क्षणभर मागे राहावा आणि तेवढ्यापुरते मिश्रण घट्ट व्हावे, एवढेच त्या चमचाभर तेलाचे काम. इतक्या थोड्या भागांत इतकी समज भरलेले यंत्र विरळाच.

गाडीचे दोन्ही पिस्टन अडकले होते. सुकलेल्या पेट्रोलचा पिवळा राळेसारखा थर सगळीकडे बसला होता. डबा उघडताच जुन्या व्हार्निशचा वास आला. मिस्त्रींनी दोन ताटल्या मागितल्या आणि पुढच्या कार्बोरेटरचे भाग एका ताटलीत, मागच्याचे दुसरीत ठेवले. डबा आणि पिस्टन एकमेकांशी जुळवून बनवलेले असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. पॉलिश पेपर त्यांनी जवळसुद्धा येऊ दिला नाही. सुती फडके, पेट्रोल आणि अंगठा, बस्स. तासाभराने पिस्टन पुन्हा बसवून त्यांनी बोटाने वर उचलला आणि सोडला. मऊ सरकत तो खाली आला आणि तळाशी स्पष्ट ‘टक’ वाजले. दुसरा खाली आला, पण वाजला नाही. त्याची सुई जेटच्या कडेला घासत होती. जेटचा नट सैल करून मध्य साधायला दुपार गेली. प्रत्येक वेळी मिस्त्री कान खाली नेत, पिस्टन सोडत, मान हलवत. सातव्या-आठव्या वेळी आवाज आला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

गाडीच्या टाकीवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून ताज्या पेट्रोलची बाटली उंच टांगून नळी थेट कार्बोरेटरला जोडली. शेजारी वाळूची बादली आणि आग विझवायचे नळकांडे ठेवले. पॉइंटचा गॅप फिलर गेजने पाहिला. तिसऱ्या सेलला इंजिन खोकले, चौथ्याला धरले. शेड निळ्या धुराने भरली. सिलिंडरमध्ये सोडलेले सगळे तेल जळून बाहेर पडत होते. मुलगी दाराशी उभी राहून रडत होती. मिस्त्रींचे तिकडे लक्ष नव्हते. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरांच्या तोंडाशी लावून ते हवेचा फुसकारा ऐकत होते. दोन्हीकडून सारखा येईपर्यंत त्यांनी स्क्रू सोडला नाही.

इंजिन चालले, पण गाडी चालली नाही. क्लच दाबूनही गिअर पडेना, कारण प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवल्यावर ती तिसऱ्या दिवशी सुटली. त्यानंतरच्या अडचणी मात्र हाताच्या कसबाने सुटणाऱ्या नव्हत्या.

सगळ्यात वाईट बातमी जॅकने दिली. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, आणि डोक्यावर छप्पर नसल्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांमधला भार दरवाजाखालचे पोकळ पत्रे पेलतात. मिस्त्रींनी गाडी उचलण्याआधी दरवाजा उघडून लावला, नीट लागला. उचलल्यावर तोच दरवाजा मागच्या कडेला घासू लागला. गाडी मध्येच वाकत होती. टोच्याने खालचा पत्रा चाचपला तर टोच्या मुठीपर्यंत आत गेला. हा पत्रा कापून बदलताना गाडीला आतून आधाराच्या पट्ट्या बांधाव्या लागतात. नाहीतर ती वाकडीच जोडली जाते आणि दरवाजे पुन्हा कधी जुळत नाहीत.

दुसरी अडचण पंपावरच्या पेट्रोलची. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९६५ सालच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्यासाठी बनलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि पुण्याच्या पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाशी बसून गंज धरते. शिवाय अशा पेट्रोलवर मिश्रण पातळ पडते, म्हणून जेटचा नट मूळ जागेपासून थोडा खाली फिरवावा लागला. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या मागवल्या आहेत. ब्रेकच्या नळ्याही मागवल्यात, कारण जुन्या आतून फुगून ब्रेक सोडतच नव्हत्या, आणि या मॉडेलला ब्रेकचे सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी.

तिसरी अडचण कागदांची. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक दिला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षे. ही सोय स्वागतार्हच आहे. पण गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत, आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यालाच मुभा. गंजलेला पत्रा बदलणे हा फेरफार की दुरुस्ती? मालकीणबाईंनी प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून वहीत चिकटवायला घेतले आहेत. कापलेला पत्राही त्या जपून ठेवणार आहेत.

आणि मिस्त्रींचे गुडघे. गाडीखाली झोपणे त्यांना आता जमत नाही. पत्र्याचे काम करणारा तरुण वेल्डर मिळाला आहे, त्याचा हात चांगला आहे. पण एसयूचा पिस्टन त्याने पहिल्यांदा इथेच पाहिला. गेल्या रविवारी मिस्त्रींनी त्याला समोर बसवले, पुढचा कार्बोरेटर उघडला आणि पिस्टन त्याच्या बोटावर दिला. मुलाने तो सोडला. आवाज आला नाही. मिस्त्रींनी नट अर्धा आटा सैल केला आणि पाना त्याच्या हातात दिला.

गाडी सध्या घोडीवर आहे, दारांच्या चौकटीत आधाराच्या पट्ट्या बसवलेल्या. ब्रेकच्या नळ्यांचे पार्सल कस्टममध्ये आहे. दर रविवारी सकाळी बाटली टांगून इंजिन चालू केले जाते. पाच मिनिटे चालवून बंद केले तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरते, म्हणून तापमानाचा काटा नेहमीच्या जागी स्थिरावून इंजिन नीट तापेपर्यंत मिस्त्री खुर्ची टाकून बॉनेटपाशी बसतात.