सत्तर-ऐंशी खुर्च्यांची नोकरी

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये पूर्णवेळ पंचांच्या जागा आहेत अवघ्या ७६: चौघांची एक तुकडी, अशा १९ तुकड्या. जागा रिकामी होते ती बहुधा कुणी निवृत्त झाले तरच, आणि लोक लवकर निवृत्त होत नाहीत. १९७६ साली पहिला सामना केलेले जो वेस्ट मधला काही वर्षांचा खंड सोडला तर २०२१पर्यंत मैदानावर होते. त्यांच्या नावावर ५,४६० सामने आहेत. खाली मायनर लीगच्या पायऱ्यांवर तरुण पंच तुटपुंज्या पगारावर, गावोगावी गाडी हाकत, सात-आठ वर्षे, कधी त्याहून जास्त काढतात. या पेशात खरी परीक्षा नजरेची होते त्याहून अधिक रांगेत टिकण्याची होते, असे माझे मत आहे.

यावर जुनेजाणते म्हणतील, एवढी वर्षे मुरल्याशिवाय हजारोंच्या हुर्योपुढे निर्णयावर ठाम राहता येत नाही. यात तथ्य आहेच. पण मुरणे वेगळे आणि ताटकळणे वेगळे. पॅम पोस्टेमा या महिला पंचांनी १३ वर्षे मायनर लीगमध्ये पंचगिरी केली, त्यातली बरीच सर्वांत वरच्या पायरीवर. १९८९ साली त्यांना घरी पाठवले गेले आणि त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. मेजर लीगच्या नियमित सामन्यात पहिली महिला पंच, जेन पावोल, उभी राहिली ती ऑगस्ट २०२५मध्ये. रांग केवळ गुणवत्ता पारखत असती तर हे अंतर एवढे लांबले नसते.

मग यंत्रच आणा, असे कुणी सुचवेल. २०२६च्या हंगामापासून तसे काहीसे झालेच आहे: चेंडू स्ट्राइक की बॉल, या पंचाच्या निर्णयाला खेळाडू आव्हान देऊ शकतो आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा निवाडा देते. आपल्या क्रिकेटमधल्या डीआरएसचेच हे भावंड. पण धावपटू बेसवर आधी पोचला की चेंडू, हे जागच्या जागी सांगायला, बाचाबाची आवरायला, खेळाडूला मैदानाबाहेर काढायला माणूसच लागतो. २०१०मध्ये जिम जॉइस यांच्या चुकीच्या निर्णयाने गोलंदाज आर्मांडो गालारागाचा परफेक्ट गेम, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोचू न देता संपवलेला सामना, शेवटच्या फलंदाजावर हुकला. पंचांनी चूक उघडपणे कबूल केली, ती कबुली कुठल्या यंत्राकडून मिळाली असती? यंत्राचा मोठा उपयोग मला दुसराच वाटतो. आता प्रत्येक पंचाचा प्रत्येक चेंडू मोजता येतो, त्यामुळे वर कोणाला न्यायचे हे ठरवताना ज्येष्ठतेचा आणि वरिष्ठांच्या मर्जीचा आधार घ्यायची गरज कमी उरते.