द्राक्षनिर्यातीचे बळ सामूहिक संशोधनात

नाशिक, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील द्राक्षे युरोपच्या बाजारपेठेत चिली आणि दक्षिण आफ्रिकेच्या मालाशी स्पर्धा करतात. या यशाचे श्रेय बहुधा हवामानाला आणि शेतकऱ्यांच्या कष्टाला दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. शेतकरी, शास्त्रज्ञ, सहकारी संस्था आणि शासन यांनी एकमेकांचे ज्ञान वापरले, हे त्यामागील मुख्य कारण होय.

या संशोधनाची सुरुवात बागेतूनच झाली. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून ‘तास-ए-गणेश’ हा वाण निवडला. सोलापूरजवळील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ पुढे आणला. हे दोघेही शेतकरी होते. अशा वाणांच्या काड्या एका बागेतून दुसऱ्या बागेत गेल्या. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघामुळे एकाचा अनुभव अनेकांपर्यंत पोहोचला. निर्यातीसाठी सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभारली, तर १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले.

या सहकार्याची खरी कसोटी २००३ मध्ये लागली. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश तपासणीची योजना आखण्यात आली. २००६ मध्ये ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय प्रणाली सुरू केली. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पॅकहाऊसमधील पेटी यांची साखळी तीत जोडलेली असल्याने पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो.

तरीही २०१० मध्ये फटका बसलाच. वेलींची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात आढळले आणि अनेक कंटेनर अडकले. हे रसायन तपासणीच्या यादीतच नव्हते. बागेत जे वापरले जाते ते प्रयोगशाळेच्या यादीत नसणे, याचा अर्थ साखळीतील दोन कड्यांचा संवाद तुटणे. हे रसायन न वापरणाऱ्यांनाही त्याची झळ सोसावी लागली, कारण परदेशी ग्राहकाच्या लेखी सारा माल ‘भारतीय द्राक्षे’ या एकाच नावाचा असतो. पुढे या रसायनाचा तपासणीत समावेश झाला.

आज प्रश्न नव्या वाणांचा आहे. युरोपात मागणी असलेली अनेक रंगीत, बिनबियांची द्राक्षे परदेशी पैदासकारांच्या मालकीची आहेत. ती लावण्यासाठी परवाना व शुल्क लागते. शेजाऱ्याकडून काडी आणून भागत नाही. मोठे बागायतदार आणि संघटित शेतकरी कंपन्या हा खर्च पेलू शकतील. दोन एकरवाल्याला एकट्याने तो परवडणे कठीण आहे. परवान्यासाठी सामूहिक करार करणे आणि राज्यातील संस्थांच्या पैदास कार्यक्रमांना बळ देणे, हे दोनच मार्ग त्याला स्पर्धेत ठेवू शकतात.